लाटांचे फोटो

आमच्या पनवेलला समुद्र येतो, पण लाटा आणत नाही. खाडीच्या चिखलातून, तिवरांच्या मुळांमधून पाणी गुपचूप चढतं आणि तसंच उतरतं. लाटा बघायच्या तर उरणचं पिरवाडी, नाहीतर पेण-वडखळवरून सरळ अलिबाग. कॅमेरा घेतल्यापासून मला हे वेडच लागलंय. नवरा म्हणतो, त्याच त्याच पाण्याचे किती फोटो काढशील? पण ज्यांनी हे केलंय त्यांना कळेल. शटर सेकंदाच्या हजाराव्या भागावर ठेवलं की फुटणाऱ्या लाटेचा थेंबन् थेंब सुटा दिसतो. तेच पंधराव्या भागावर आणलं की दगडांवर दूध सांडल्यासारखं वाटतं. शंभरातले पंच्याण्णव फोटो उडवावे लागतात, आणि उरलेल्या पाचांत क्षितिज तिरकं असतं. असो.

तर गेल्या डिसेंबरात संकष्टीला बाबांना कुलाबा किल्ल्यातल्या गणपतीला जायचं होतं. बाबा ७६ वर्षांचे, एक गुडघा बदललेला. (आत्या, हे वाचून लगेच फोन करू नकोस, ते ठणठणीत आहेत.) ओहोटीला तिथे चालत जाता येतं, हे तुम्हाला माहीत असेलच. बाबांचं लहानपण पनवेलच्या खाडीकाठी गेलं, त्यामुळे त्यांचा हिशोब तोंडपाठ: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. चतुर्थी म्हणजे चार, त्याची पाऊणपट तीन. दुपारी तीनला भरती, म्हणून पावणेनऊच्या सुमाराला पूर्ण ओहोटी. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, पण फार चुकत नाही. "साडेदहाला आपण परत अलिबागच्या वाळूत पाहिजे," असं त्यांनी गाडीतच सांगितलं होतं.

दर्शन झालं. बाबा देवळाच्या सावलीत टेकले आणि मी समुद्राकडच्या बाजूला खडकांवर गेले. १६८० साली बांधायला घेतलेला हा किल्ला. तटाचे मोठमोठे दगड चुन्याशिवाय नुसते एकावर एक रचलेत. लाटेचं पाणी फटींतून आत शिरतं आणि तिचा जोर तिथेच मोडतो. तटाला न भिडता मागे सरणारं ते पाणी मला टिपायचं होतं. समोर कालवांनी भरलेला एक काळा दगड होता, तोच मी चौकटीच्या कोपऱ्यात धरला.

दहाला बाबा काठी टेकत आले. "चल." मी म्हटलं, "एकच बाबा. पाणी आहे तिथेच आहे बघा."

आणि ते खरंच होतं! तिथेच तर फसायला होतं. सहा तासांच्या भरतीत पहिल्या तासाला पाणी जेमतेम बाराव्या हिश्शाने चढतं, दुसऱ्या तासाला त्याच्या दुप्पट. तिसऱ्या आणि चौथ्या तासात मात्र मिळून निम्मी भरती होऊन जाते. हे मी नंतर वाचलं. बाबांना ते वाचावं लागलं नव्हतं.

दरवाज्याशी आलो तेव्हा सव्वाअकरा वाजून गेले होते. मधल्या वाळूवर पाणी पसरलं होतं. थांबून होडीने जाता आलं असतं. पण चूक माझी होती ना, त्यामुळे मीच घाई केली. "गुडघाभर तर आहे," म्हणत उतरले. मध्यावर ते मांडीपर्यंत आलं. ओढ बाजूने होती, लाट अशी नव्हतीच. बाबांचा पाय शेवाळलेल्या दगडावरून सटकला आणि ते एका कुशीवर कलले.

माझ्या उजव्या हातात कॅमेरा होता, डोक्याच्या वर धरलेला. डाव्या हातात बाबांचं कोपर. एका हाताने ते सावरत नव्हते, आणि मी दुसरा हात खाली घेतला नाही. किती वेळ? दोन सेकंद असतील, तीन असतील. घोडागाडीवाल्याने उडी टाकून त्यांना पलीकडून धरलं. मग मला हात खाली घ्यायची गरजच उरली नाही.

घरी येईपर्यंत बाबा घोडागाडीवाल्याचंच कौतुक करत होते.

रात्री फोटो संगणकावर टाकले. १२७ निघाले. बाबा चष्मा लावून शेजारी येऊन बसले. लाटांकडे त्यांचं लक्षच नव्हतं. कोपऱ्यातला तो काळा दगड बघत होते. पहिल्या फोटोत अख्खा कोरडा, मग बुडाशी ओला, मग निम्मा, आणि शेवटच्या वीसेक फोटोंत दगड नाहीच, नुसता फेस. दर फोटोखाली वेळ छापलेली. एक्केचाळिसाव्यावर त्यांनी बोट ठेवलं. १०:३२.

"इथे निघायला हवं होतं."

"हो."

"फोटो चांगला आलाय पण हा."

कॅमेऱ्याच्या हाताबद्दल ते काही बोलले नाहीत. त्यांनी पाहिलं होतं की नाही, हे मी अजून विचारलेलं नाही. बाबा हे पान वाचतात.