आधी दोन्ही टोकं बंद

सायकलची ट्यूब पंक्चर झाली की दुकानदार ती फुगवून घमेल्यातल्या पाण्यात बुडवतो आणि जिथून बुडबुडे येतात तिथं बोट ठेवतो. गावच्या नळयोजनेची पाइपलाइन अशी बुडवता येत नाही. म्हणून आम्ही पाणी तिच्या आत भरतो, दाब देतो आणि गेजच्या काट्यावर नजर ठेवून बसतो. त्याआधी एक काम असतं, दिसायला किरकोळ: पाइपची दोन्ही टोकं बंद करायची. साइटवर आम्ही त्याला डमी मारणं म्हणतो. लाइन टाकण्याच्या साऱ्या कामात मला सर्वात जास्त जपावंसं वाटतं ते हेच काम, आणि घाईत सर्वात आधी बळी जातो तोही याचाच.

वर्धा जिल्ह्यात मी बरीच वर्षं पाणीपुरवठ्याच्या लाइनी टाकतो आहे. १५ ऑगस्ट २०१९ला जल जीवन मिशनची घोषणा झाली, माणशी रोज ५५ लिटर पाणी घरातल्या नळाला, आणि त्यानंतर गावोगाव नाल्या खोदल्या गेल्या. कारंजा, आष्टीकडे गेलं की वीतभर मातीखाली मुरूम आणि त्याखाली काळा पाषाण लागतो; जेसीबीचे दात झिजतात, पण एकदा नाली झाली की तिच्या भिंती उभ्या राहतात. हिंगणघाट, समुद्रपूरकडे सगळं उलट. वणा नदीच्या आजूबाजूची ती खोल काळी जमीन कापसाला आणि वायगावच्या हळदीला पावलेली आहे, पाइपाला मात्र ती वैरीण. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर गेला की वावरात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. या उठबशीत पाइपही थोडा थोडा हलतो आणि जिथं सांधा कच्चा असेल तिथं उघडा पडतो.

या मातीचा दुसरा गुण अधिक घातक आहे. ती गळती लपवते. उन्हाळ्यात पाइपातून झिरपलेलं पाणी भेगांमधून खाली उतरतं आणि वर ओलही दिसत नाही. पावसाळ्यात तर सगळीकडेच चिखल, त्यात आपलं पाणी कोणतं ते कोण ओळखणार? नाली बुजवल्यावर फुटका सांधा शोधणं म्हणजे अर्धं गाव पुन्हा खोदणं.

पाणी वाया जातं हे तर आहेच. चढत्या लाइनवर, म्हणजे विहिरीपासून उंच टाकीपर्यंतच्या लाइनवर, समजा ६ किलोचा, म्हणजे चौरस सेंटिमीटरमागे ६ किलोचा, दाब आहे. तिला तीन मिलिमीटरचं एक भोक पडलं तर मिनिटाला आठ-नऊ लिटर पाणी जातं. पंप दिवसात सहा तास चालला तर तीन हजार लिटर. माणशी ५५ लिटरचा हिशेब लावला तर पन्नासहून जास्त माणसांच्या वाट्याचं पाणी त्या भोकातून मातीत गेलं. पण माझी खरी काळजी वाटपाच्या लाइनची आहे. आपल्या गावांत नळाला पाणी चोवीस तास नसतं. तासभर येतं, मग लाइन रिकामी होते. रिकामी होताना ती आत ओढते. ज्या भोकातून सकाळी पाणी बाहेर गेलं, त्याच भोकातून दुपारी भोवतालचा चिखल आत येतो आणि शेजारून सांडपाण्याची नाली वाहत असेल तर तेही येतं. दुसऱ्या दिवशी पहिला हंडा भरणाऱ्या बाईच्या पदरात ते पडतं. टाकीत क्लोरीन टाकलेलं असतं, पण टाकीनंतर आत शिरलेल्या घाणीला ते पुरेलच असं नाही. म्हणून गळती शोधायची ती नाली उघडी असताना, एकही घागर भरण्याआधी.

आता डमीकडे येतो.

एचडीपीईचा, म्हणजे काळ्या प्लास्टिकचा, पाइप असेल तर टोकाला स्टब एंड वेल्ड करायचा. त्यामागे लोखंडी फ्लँज आधीच सरकवून ठेवायचा, पुढे मधून बंद असलेली जाड प्लेट, मध्ये रबरी गास्केट, आणि नट-बोल्ट. बोल्ट ओळीनं कसायचे नाहीत, आमनेसामने कसायचे, थोडे थोडे, तीन-चार फेऱ्यांत. एका बाजूनं आवळत गेलं की प्लेट तिरकी बसते, गास्केट एकीकडे चेपतं आणि दुसरीकडे सैल राहतं. पाण्याला तेवढी वाट पुरते. छोट्या व्यासाला कॉम्प्रेशनची तयार एंड कॅप मिळते. ती बसवताना पाइपचं टोक सरळ कापलेलं आणि कडा घासलेली हवी, नाहीतर आतली रबरी रिंग चिरते. जीआयचा पाइप असेल तर आट्यांवर ताग आणि सफेदा किंवा टेफ्लॉन टेप गुंडाळून प्लग. पीव्हीसीला सोल्युशन लावून कॅप चिकटवली तर मी दुसऱ्या दिवसाआधी पंपाला हात लावू देत नाही. वरून वाळलेलं दिसतं, आत ओलंच असतं.

दोन्ही टोकांच्या प्लेटांना मात्र एकेक छोटं भोक हवं. खालच्या टोकाच्या प्लेटला पाणी भरण्यासाठी आणि गेजसाठी, वरच्या टोकाच्या प्लेटला हवा सोडण्यासाठी. वरच्या प्लेटचं भोक अगदी वरच्या कडेजवळ पाहिजे, कारण हवा तिथंच जाऊन बसते. भरायचं खालून, तेही सावकाश. वरच्या कॉकमधून आधी नुसती फुसफुस येते, मग थुंकत थुंकत पाणी, मग एकसारखी धार. धार लागल्यावरही थोडा वेळ वाहू द्यायचं. मधल्या चढावर एअर व्हॉल्व्ह असेल तर तिथली हवाही काढायची.

हवेला मी एवढा का भितो ते सांगतो. पाणी दाबलं तरी जवळजवळ आकसत नाही. हजार लिटर पाण्याला ९ किलोचा दाब दिला तरी ते अर्धा लिटरही कमी होत नाही. त्यामुळे कुठं काही सुटलं तर दाब क्षणात उतरतो आणि पाणी सांडून मामला संपतो. हवा मात्र तेवढ्याच दाबाला आकसून दहाव्या हिश्श्यावर येते आणि संधी मिळताच पुन्हा पसरते. प्लेट सुटली तर मागची हवा तिला गोळ्यासारखी फेकते. कंप्रेसरनं हवा भरून पाण्याच्या लाइनची टेस्टिंग उरकणारे लोक मी पाहिले आहेत. पाणी आणायला टँकर लागतो, वेळ जातो, हे खरं. पण तिथं उभा असलेला पोरगा कुणाचा तरी मुलगा असतो.

पाणी भरलं असलं तरी टोकावरचा जोर कमी समजू नये. आतून १०० मिलिमीटर पोकळी असलेल्या पाइपचं तोंड साडेअठ्ठ्याहत्तर चौरस सेंटिमीटर असतं. ६ किलोच्या लाइनला दीडपट, म्हणजे ९ किलोचा दाब दिला की त्या ताटलीएवढ्या प्लेटवर सातशे किलोंहून जास्त भार येतो. व्यास दुप्पट केला की भार चौपट: २०० मिलिमीटरला २.८ टन. बैलगाडी, आमच्याकडची बंडी, मालासकट एवढी भरत नाही. म्हणून डमीच्या पाठीमागे टेका लागतो. न खोदलेल्या घट्ट मातीला लागून आडवे ओंडके, त्यांच्या आणि प्लेटच्या मध्ये जॅक किंवा पाचर. काळ्या मातीत हा टेकाही फसवतो. सकाळी कोरडी आणि दगडासारखी असते, डमीतून थोडं पाणी टपकलं की तीच माती लोण्यासारखी सरकते. तिथं मी आधी मुरूम ठोकून घेतो. वळणांवर काँक्रीटचे ठोकळे असतात, तेही पुरते पिकल्याशिवाय दाब द्यायचा नाही. आणि दाब असताना टोकासमोर कुणी उभं राहायचं नाही. गेज बाजूनं वाचायचा.

कडेनं निसटणारं पाणी अडवण्याची ही झटापट जुनी आहे. इंग्लंडमध्ये जोसेफ ब्रामा यानं १७९५ साली पाण्याच्या दाबावर चालणाऱ्या प्रेसचं पेटंट घेतलं. बंद पाण्यातला दाब सगळीकडे सारखाच पोचतो हा पास्कलचा नियम त्याच्या आधी शंभराहून जास्त वर्षं माहीत होता, अडत होतं ते दट्ट्याच्या कडेनं पाणी निसटण्यापाशी. घट्ट आवळलं की दट्ट्या हलेना, सैल ठेवलं की गळे. त्याच्या कारखान्यातल्या हेन्री मॉड्स्लेनं त्यावर वाटीसारखा कातडी वायसर काढला असं मानतात. वाटीचं तोंड दाबाकडे. जितका दाब वाढेल तितकी तिची कड भिंतीला जास्त चिकटेल आणि दाब उतरला की सुटेल. आजच्या पाइपच्या सॉकेटमधली रबरी रिंग पाहिली की मला तो वायसर आठवतो. तीही दाबानंच घट्ट होते. म्हणूनच तिच्याखाली वाळूचा कण राहिला तर कमी दाबाला गळते आणि जास्त दाबाला गप्प बसते. मी दाब एकदम वर नेत नाही त्याचं हे एक कारण. आधी दोन किलोवर थांबून सगळे सांधे हातानं चाचपतो.

टोक बंद करण्याचा सोपा मार्ग लोक काढतात: शेवटचा व्हॉल्व्ह बंद करायचा आणि त्यावरच टेस्टिंग. मला हे मान्य नाही. स्लूस व्हॉल्व्हच्या फटीत एक खडा बसला तरी तो झिरपतो. मग काटा उतरतो आणि लाइन गळते की व्हॉल्व्ह, हे कळत नाही. डमी स्वतः पक्की असेल तरच ती बाकीच्या लाइनबद्दल काही सांगू शकते. म्हणून दाब दिल्यावर पहिली तपासणी डमीचीच. प्लेटच्या खालच्या कडेला कोरडं बोट फिरवायचं. टपकत असेल तर दाब उतरवून गास्केट बदलायचं, आणि मगच पुढं जायचं.

एचडीपीई लाइनवर नवा माणूस हमखास घाबरतो. काहीही गळत नसताना काटा हळूहळू खाली येतो. हा पाइप दाबाखाली किंचित फुगतो, ताणला जातो, त्यामुळे सुरुवातीला पंप मारून दाब पुन्हा वर आणावा लागतो. उतार दर वेळी कमी होत गेला तर पाइप बसतो आहे. एकसारखा राहिला तर कुठंतरी गळती आहे. त्यात आमचं ऊन. काळा पाइप उन्हात तापतो आणि लांबतो. दहा अंशांच्या फरकाला शंभर मीटरमागे साधारण वीतभर. दुपारी बसवलेली कॅप रात्रीच्या गारव्यात पाइपसोबत मागे ओढली जाते. म्हणून मी टोकं पहाटे बंद करतो आणि टेस्टिंग ऊन चढण्याआधी आटोपतो. पाइपच्या मधल्या भागावर माती टाकून ठेवतो, त्यानं तो थंडही राहतो आणि हलतही नाही. सांधे तेवढे उघडे.

कारंज्याकडच्या संत्र्याच्या बागांत ठिबकची नळी टाकताना जाणते शेतकरी आधी तिची टोकं उघडी ठेवून पाणी वाहू देतात. आतली माती, प्लास्टिकचा कीस निघून गेला की मग टोक मुडपून त्यावर रिंग चढवतात. गावच्या लाइनलाही हाच क्रम हवा. आतला कचरा तसाच राहिला तर तो गास्केटखाली येऊन बसतो.

हे सगळं चाललेलं असताना नाली उघडी असते आणि गाव खोळंबलेलं असतं. लोकांचं म्हणणं खोटं नसतं. "मिस्त्री, नाली केव्हा बुजवता? बंडी न्याले जागा नाही उरली," असं म्हणणाऱ्याचं वावर पलीकडे असतं, पेरणी तोंडावर असते. "पाणी तं येऊन ऱ्हायलं नं भाऊ, आता टेस्टिंग काहून?" हा प्रश्न तर दर गावात येतो. एकदा हिंगणघाटकडच्या एका गावात मी सरपंचबाईंना आणि पाणी समितीतल्या बायांना गेजपाशी बसवलं. काटा कुठून कुठं आला ते त्याच सांगत होत्या. दाब उतरत राहिला, तेव्हा त्यातल्याच एकीनं नालीतून चालत जाऊन एका टीजवळची ओल दाखवली. त्यानंतर त्या गावात बुजवण्याची घाई कुणी केली नाही.

टेस्टिंगला एक मर्यादा आहे आणि ती लोकांना सांगितली पाहिजे. मुख्य लाइन पास झाली म्हणजे योजना पास झाली असं नाही. घरोघरचे जोड नंतर होतात. पाइपावर सॅडल बसवून भोक पाडतात, तिथून बारीक नळी घरात जाते. माझ्या पाहण्यात सर्वात जास्त गळती या जोडांवरच असते, आणि त्यांच्यापर्यंत आपली ९ किलोची परीक्षा पोचलेलीच नसते. म्हणून एका गल्लीचे जोड झाले की सॅडलवर माती न टाकता घरातले नळ बंद करून टाकीचा दाब देऊन पाहायचं. तो किलो-सव्वा किलोच असतो, पण रोजचं पाणी त्याच दाबानं येणार आहे.

डमी काढायचीही रीत आहे. आधी कॉक उघडून दाब शून्यावर, मग वरच्या टोकाचा कॉक उघडून हवा आत घ्यायची, मग बोल्ट सैल करायचे, तेही एकदम सगळे नाही. त्यानंतर लाइन धुवायची, क्लोरीनचं पाणी भरून ठेवायचं, ते सोडून द्यायचं आणि मग नाली बुजवायची.

काम संपलं की ठेकेदाराची माणसं प्लेटा, गेज, टेस्ट पंप गाडीत टाकून पुढच्या गावी जातात. माझं मागणं आहे की गावातल्या प्रत्येक व्यासाची एकेक डमी, तिचे बोल्ट, दोन गास्केटं आणि एक चांगला गेज ग्रामपंचायतीत ठेवून जावं, योजनेच्या खर्चातूनच. एवढ्या मोठ्या कामात ही रक्कम कुणाच्या लक्षातही येणार नाही. सोबत लाइनचा नकाशा आणि कोणत्या तुकड्याला किती दाब दिला, किती वेळ टिकला, याची नोंद. दोन पावसाळ्यांनी एखाद्या गल्लीत गढूळ पाणी आलं तर नळ सोडणाऱ्या माणसाला तेवढा तुकडा दोन्हीकडून बंद करून, टाकीच्या दाबानं का होईना, स्वतः तपासता येईल. कुठं खोदायचं ते त्याला कळेल, आणि ते कळेपर्यंत त्या गल्लीला टँकरचं पाणी द्यायला हवं हेही.