मध्यम ते पंचम

बासरीवरचा षड्ज वाद्याच्या मधोमध असतो. डाव्या हाताची तीन बोटे वरच्या तीन छिद्रांवर ठेवायची, खालची तीन मोकळी सोडायची आणि फुंकायचे, तो सा. तिथून खालून वर एकेक बोट उचलत गेले की रे, मग ग. उलट, बोटे ठेवत गेले की मंद्रातला नि, मग ध, आणि सहाही छिद्रे बंद झाली की प. गोंदियातल्या माझ्या गुरुजींनी पहिल्या दिवशी एवढेच सांगितले. हातात पांढरी पाचची बासरी, साथीला मोबाइलमधला तानपुरा आणि काम एकच: सा ते तार सा, सगळे शुद्ध स्वर. आपल्याकडे हा बिलावल थाट, पाश्चात्त्य संगीतात मेजर स्केल. हे स्वच्छ आल्याशिवाय पुढचे काही शिकवायचे नाही, हा त्यांचा नियम.

माझी नोकरी सालेकसा तालुक्यातल्या शाळेत. भाड्याच्या खोलीला शेजाऱ्यांची भिंत लागून, म्हणून सुट्टीच्या दिवशी बासरी पिशवीत घालून मी धनेगावला जाई. दरेकसा स्टेशनाच्या बाजूचे हे गाव कचारगडच्या पायथ्याशी आहे. पुढे जंगल, ओढा, मग चढण आणि वर डोंगराच्या पोटातली ती प्रचंड नैसर्गिक गुहा. माघ पौर्णिमेच्या यात्रेत महाराष्ट्रासह मध्य प्रदेश, छत्तीसगड, तेलंगणातून गोंड समाज इथे लोटतो. सप्तरंगी झेंडे, ढोलांचे आवाज आणि वाटेवर भेटेल त्याला ‘जय सेवा’. एरवी मात्र हा परिसर शांत असतो.

या ठिकाणाची कथा मला धनेगावातच ऐकायला मिळाली. डॉ. मोतीरावण कंगाली यांनी गोंडी परंपरेवर जे लेखन केले, त्यातही ती आहे. माता काली कंकालीची मुले या गुहेत कोंडली गेली होती आणि तोंडावर भली मोठी शिळा होती. पारी कुपार लिंगोंनी त्यांच्या सुटकेचा ध्यास घेतला, जंगो रायताड त्यात होत्या, आणि हिरासुका पाटालीर हा वादक होता. त्याच्या किंगरीच्या सुरांनी मुलांमध्ये बळ आले, शिळा हलली, मुले बाहेर पडली. पण त्याच शिळेखाली हिरासुका गेला. म्हणजे एका समाजाच्या मुक्तीच्या कथेत वादक मध्यभागी उभा आहे, आणि त्याने त्यासाठी प्राण दिले आहेत. हे कळल्यावर इथे विरंगुळा म्हणून काहीतरी फुंकत बसणे मला पटेना. गावातल्या जाणत्यांना विचारले. गुहेत देवस्थान आहे, तिथे नको. खाली ओढ्याच्या काठी खुशाल बसा, असे त्यांनी सांगितले.

ओढ्याकाठी सा, रे, ग लवकर बसले. मोठी लढाई मध्यमाशी झाली. गंधाराला फक्त सर्वांत वरचे छिद्र बंद असते. तेही उघडले तर थेट तीव्र मध्यम येतो. शुद्ध मध्यम या दोघांच्या मध्ये आहे, आणि त्याच्यासाठी वेगळे छिद्रच नाही. तर्जनी किंचित कलती करून ते छिद्र अर्धे उघडायचे. अर्धे म्हणजे किती, ते कानानेच ठरते. बोट केसभर सरकले तरी स्वर चढतो किंवा उतरतो, तानपुऱ्याशी घासतो, आणि ती घासण अंगावर येते.

त्यानंतरचे पाऊल आणखी कठीण. मध्यमाला खालची पाच छिद्रे उघडी आणि सर्वांत वरचे अर्धे. पंचमाला सहाही बंद, आणि फुंक धारदार. बासरी ही दोन्हीकडून मोकळी नळी असल्यामुळे फुंकेचा वेग वाढवला की तिच्यातला स्वर दुप्पट कंपनांवर, म्हणजे वरच्या सप्तकात उडी घेतो. मंद्र पंचम आणि मध्य पंचम यांची बोटे तीच, फरक श्वासाचा. पण सहा बोटे एकाच क्षणी पडायला हवीत. अनामिकेखाली जराशी फट राहिली तरी नुसती हवा सुटते. मी बोटे घट्ट दाबायचे, मग मनगट आखडायचे, मग फुंक तुटायची.

गुरे घेऊन येणारे एक वयस्कर काकाजी हे सारे ऐकत असत. स्वतःची बासरी ते कमरेला खोचून यायचे, जंगलातला बांबू तापल्या सळीने भोके पाडून केलेली. एकदा जवळ येऊन म्हणाले, “बाई, बोटं दाबू नका. नुसती ठेवा. बांबू पळून जात नाही.” मी माझी बासरी त्यांच्या हाती दिली. त्यांनी सहाही छिद्रे बंद करून सुरुवात केली आणि तिथूनच एकेक बोट उचलत वर गेले. शेवटी पुन्हा सगळी बंद, जोराची फुंक. मी ऐकत राहिले. सा रे ग म प ध नि सा, सगळे शुद्ध, आणि कुठेही अर्धे छिद्र नाही!

घरी येऊन मी पेटीवर ताडून पाहिले. शुद्ध सप्तकाचा घाट अंतरांवर उभा आहे: दोन पूर्ण अंतरे, एक अर्धे, मग तीन पूर्ण, शेवटी अर्धे. माझ्या बासरीवर पंचमाला सा मानून निघाले की छिद्रे आपोआप हीच अंतरे देतात. माझा तीव्र मध्यम तिथे शुद्ध निषाद होतो. आयर्लंडची लोकबासरीही सहा छिद्रांची, आणि तिचाही मेजर स्केल सगळी छिद्रे बंद ठेवूनच सुरू होतो. काकाजींना हे कोणी शिकवले नव्हते. त्यांच्या गाण्याचा पाया सर्वांत खालच्या स्वरात होता, म्हणून तिथून निघणे त्यांना स्वाभाविक वाटले. त्या दिवसापर्यंत सप्तक म्हणजे माझ्यासाठी बोटांचा क्रम होता. तो अंतरांचा क्रम आहे, पाया कुठेही ठेवला तरी तो तोच राहतो, हे मला त्यांच्या फुंकेतून समजले.

मग आपले वादक सा तीन बोटांवर का ठेवतात? गुरुजींनी उत्तरादाखल पन्नालाल घोषांचे वादन ऐकवले. 1911 मध्ये बारिसालला जन्मलेल्या पन्नालालजींनी लांब, खर्जाची बासरी घडवली आणि लोकवाद्य समजल्या जाणाऱ्या बांबूवर रागाचा संथ आलाप उभा केला. आलापाला सा च्या खालीही जागा लागते, मंद्र पंचमापर्यंत उतरावे लागते. सा मधोमध असल्यामुळेच ती मिळते. आणि मला छळणारे ते अर्धे छिद्र हीच पुढची वाट आहे. वरून मोजता तिसरे छिद्र अर्धे उघडले की कोमल रिषभ, दुसरे अर्धे की कोमल गंधार, पाचवे अर्धे की कोमल निषाद, सहावे अर्धे की कोमल धैवत. बोट हळूहळू सरकवले की मींड. भातखंड्यांच्या दहा थाटांपैकी बिलावलात फक्त मध्यमच हे कसब मागतो. म्हणून सुरुवात त्याच्यापासून.

काकाजींचा सल्ला मी पाळला. बोटे टेकवण्यापुरती ठेवली, त्यामुळे मनगट सैल झाले. पंचमाची फुंक मध्यमावर असतानाच मनात तयार ठेवू लागले. आधी सा-प, मग ग-प, मग म-प असे टप्पे केले. प कानात पक्का असला की बोटे त्याच्याकडे बरोबर जातात. हिवाळा सरता सरता सप्तक चढताना आणि उतरताना न तुटता आले. नव्याने शिकणाऱ्याला मीही हेच सांगेन: गतीच्या मागे लागू नका, प्रत्येक स्वर तानपुऱ्यात विरघळेपर्यंत लांबवा, आणि म-प या जोडीला रोज वेगळा वेळ द्या.

आता गुरुजींनी अल्हैया बिलावल सुरू केला आहे. त्याच्या आरोहात मध्यम गाळतात, अवरोहात कोमल निषाद डोकावतो. म्हणजे पाचव्या छिद्रावरचे बोट आता अर्धे व्हायला शिकते आहे. दुसरीकडे काकाजींकडून मी त्यांची एक चाल घेते आहे, सहाही छिद्रे बंद करून, त्यांच्या सा पासून. दोन्ही एकाच बांबूवर वाजतात, आणि दोन्ही शिकल्याशिवाय माझी बासरी पुरी होणार नाही.