झाकण्याआधी बघा

आमचं घर दोनदा बांधलेलं आहे. पहिल्यांदा भीमेच्या काठी, जुन्या गावात. दुसऱ्यांदा उजनीचं पाणी चढणार म्हणून वरच्या गावठाणात. गाव उठताना आजोबांनी जुन्या घराची सागवानी तुळई, दारं आणि खांब बैलगाडीत घालून आणले आणि नव्या जागेत चार खण उभे केले. जागा मिळाली ती मात्र काळ्या रानात.

2023 साली हे घर दुरुस्त करून भाड्याने द्यायचं मी ठरवलं. करमाळा तालुक्यात कंदरच्या बाजूची केळी आता आखाती देशांत जातात. हंगामात व्यापाऱ्यांची माणसं, पॅकिंगवाले खोल्या शोधत फिरतात. बँकेतल्या ठेवीपेक्षा भाडं बरं, असा माझा हिशेब.

तालुक्याहून एक ठेकेदार आला. मोबाईलवर फोटो काढत घरभर फिरला आणि सगळं धरून एक रक्कम सांगितली. "सर, टेन्शन घेऊ नका. दिवाळीला चावी तुमच्या हातात." वर म्हणाला, "जुनं लाकूड मला द्या, पाडायची मजुरी घेत नाही." मला सौदा स्वस्तातला वाटला. ओट्यावर बसलेले नाना, माझे चुलते, तेवढं ऐकून उठले. "तुळईला हात लावायचा न्हाय. ती नदीतनं वर आलीया." लाकूड वाचलं ते नानांमुळे.

पैसे वाचले नाहीत. ठेकेदाराने निम्मी उचल मागितली, मी दिली. आठवडाभर घमेली वाजली, मग माणसं दुसऱ्या साईटवर गेली. मी सोलापुरात, रविवारी एक चक्कर आणि एरवी फोटो. फोटो येत ते फरशीचे, रंगाचे, नळाच्या तोट्यांचे. दिवाळीची संक्रांत झाली, पण खोल्या देखण्या दिसत होत्या. मी उरलेले पैसे चुकते केले.

त्या वर्षी पावसाने ओढ दिली होती. जानेवारी 2024 मध्येच उजनी मायनसमध्ये गेली. धरणाच्या सुमारे 117 टीएमसी साठ्यातला निम्म्याहून जास्त, 63 टीएमसीच्या वर, मृतसाठा आहे. त्याच्या वरचं पाणी संपलं की आमच्याकडे 'मायनस' म्हणतात. इकडे जमीनही वाळत होती. मार्चमध्ये खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी भेग निघाली. एप्रिलमध्ये तीत नाणं उभं राहू लागलं. ठेकेदार दोनदा "बघतो सर" म्हणाला, नंतर त्याने फोन उचलणं सोडलं.

मे महिन्यात नाना मला पाण्याकडे घेऊन गेले. गाळ तडकून त्याच्या ढेपा झाल्या होत्या. पलीकडे इंदापूर तालुक्यात पळसदेवचं हेमाडपंती देऊळ उघडं पडलं होतं. आमच्या जुन्या गावाची जोतीही वर आली होती. नाना एका जोत्यावर उभे राहिले. काळ्या घडीव दगडाचे तीन थर, कोपरा काटकोनात. धरण 1980 साली पूर्ण झालं; तेव्हापासून पाणी त्यावरून येतंय, जातंय. नाना एवढंच म्हणाले, "ह्यो पाया तुझ्या आज्यानं सवता उभं राहून भरून घेतला हुता."

मग गावातल्याच एका म्हाताऱ्या मिस्त्रीला बोलावलं. त्यांनी रंगाकडे पाहिलंसुद्धा नाही. भिंतीलगत हातभर उकरलं आणि मूठभर माती माझ्या तळहातावर ठेवली. "दादा, दुखणं पायात हाय आन् मलम गालाला लावलंय." काळी माती पावसात फुगते, उन्हात आकसते, वरचा पाया तिच्याबरोबर हलतो. जोत्याभोवतीची काळी माती काढून मुरूम भरायचा, तो पाणी मारून धुमसायचा, वर बाहेरच्या बाजूला उतार देऊन काँक्रीटचा पट्टा करायचा, पन्हळीचं पाणी लांब काढायचं, आणि हे सगळं झाल्यावर भेग भरायची, असं त्यांनी सांगितलं.

वाळूची पहिली खेप आली तेव्हा मिस्त्रींनी काचेची बाटली निम्मी वाळूने भरली, वर पाणी ओतलं, खळखळ हलवून ओट्यावर ठेवली. तासाभराने वाळूवर बोटाच्या दोन पेरांएवढा गाळ बसला. गाडी परत गेली. आदल्या वर्षी असल्याच वाळूचं प्लॅस्टर माझ्या भिंतीला बसलं असेल, तर तो फोटो मला कोणी पाठवला नव्हता.

या वेळी कामाचे टप्पे वहीत लिहिले. खोदाई झाली, मी पाहिली, मग पैसे. मुरूम भरला, मी पाहिला, मग पैसे. शेवटचा हप्ता एक पावसाळा उलटल्यावर. मिस्त्री हसून म्हणाले, "हे आधीच्याला का न्हाय सांगितलं?" उत्तर सोपं होतं. आधीच्या वेळी मी देखणेपणाचे पैसे मोजत होतो. ठेकेदार वाईट होता एवढं म्हणून मला सुटता येत नाही. जे झाकलं जाणार होतं ते झाकण्याआधी बघणं हे माझं काम होतं. पाया, सळई, भिंतीतली पाइप, पाण्याच्या टाकीखालचा भराव: घराला पैसा घालणाऱ्याने रविवार खर्च करायचा तो यांच्यासाठी. फरशी नंतरही बघता येते.

भेग भरताना मिस्त्रींनी तिच्यावर काचेची एक बारीक पट्टी आडवी चिकटवली. भिंत हलली तर काच फुटेल. 2025 चा उन्हाळा गेला, पावसाळा गेला. काच अजून अखंड आहे, आणि मिस्त्रींचा शेवटचा हप्ता मी घरी जाऊन दिला.