आठ तुकड्यांचा शब्द

गेल्या महिन्यात बाबांना पहिल्यांदाच फिट आली. तासभर तर त्यांना आमची नावंही आठवेनात. डॉक्टरांनी ईईजी काढायला सांगितला.

घरी आल्यावर आईने विचारलं, "ईईजी म्हणजे काय रे?" मी मोबाईलवर पूर्ण नाव शोधलं आणि वाचायला गेलो.. इलेक्ट्रोएन्सेफलोग्रॅम! दोनदा अडखळलो. आईचा चेहरा आणखीनच उतरला. नाव एवढं लांब म्हणजे दुखणंही तेवढंच मोठं, असं तिला वाटलं असावं.

बाबा पलंगावर पडून ऐकत होते. जन्मभर शाळेत संस्कृत शिकवलेला माणूस! म्हणाले, "घाई कशाला? सामासिक शब्द दिसतोय, विग्रह कर."

केला. इलेक्ट्रो म्हणजे विजेचा. ग्रीकमध्ये एन म्हणजे आत आणि केफाले म्हणजे डोकं. डोक्याच्या आत असतो तो मेंदू. ग्रॅम म्हणजे लिहिलेलं. थोडक्यात, मेंदूतल्या विजेचा आलेख! माणसाचा असा पहिला आलेख जर्मनीत हान्स बर्गर यांनी १९२४ साली घेतला.

आता उच्चार. तुकडे आठ: इ-लेक्-ट्रो-एन्-सेफ्-अ-लो-ग्रॅम. आपण मराठी माणसं सगळे तुकडे साधारण सारख्याच वजनाने म्हणतो. इंग्रजीत मुख्य जोर एकावरच, 'सेफ्'वर.

बाबांनी बोटांवर मोजत आठही तुकडे म्हटले. एकदाही न चुकता.

ईईजी दुसऱ्या दिवशी निघाला. आता गोळ्या सुरू आहेत. पण आईला त्या रात्रीच शांत झोप लागली होती.