आईची शिदोरी

विद्यार्थिमित्रहो, व्हिएन्ना आणि म्यूनिक या शहरांविषयीं लिहावयाचें म्हणजे तेथील राजवाडे, चित्रसंग्रहालयें आणि संगीतगृहें यांचें वर्णन यावें, अशी तुमची अपेक्षा असेल. तीं सर्व आम्हीं पाहिलीं. परंतु त्या प्रवासाचें स्मरण झालें म्हणजे माझ्या डोळ्यांपुढें प्रथम उभे राहतात ते तेथील दोन भोजनप्रसंग. पहिल्यांत माझ्या हातून एक अपराध घडला, व दुसऱ्यांत त्याची मला जाणीव झाली. दोन्ही प्रसंग जसे घडले तसे सांगतों.

माझ्याबरोबर माझी आई होती. वय सदुसष्ट, गळ्यांत तुळशीची माळ. मांस, मासे व अंडीं यांना तिनें उभ्या जन्मांत स्पर्श केलेला नाहीं. निघण्यापूर्वीं चार दिवस स्वयंपाकघरांत खपून तिनें तिखटमिठाच्या पुऱ्या, शेंगदाण्याची चटणी, मेतकूट आणि थालीपिठाची भाजणी असा सरंजाम बांधला. “आई, तिकडे सर्व कांहीं मिळतें,” असें मीं तिला परोपरीनें सांगितलें. “मिळत असेल रे, पण मला चालेल तें मिळेल का?” असें म्हणून तिनें पितळी डबा पिशवींत घातला.

व्हिएन्नांतील पहिल्याच सायंकाळीं आम्ही जुन्या वळणाच्या एका भोजनगृहांत गेलों. अशा भोजनगृहास तिकडे ‘गास्टहाउस’ म्हणतात. त्याचा शब्दशः अर्थ ‘अतिथींचें घर’. भिंतींना अर्ध्या उंचीपर्यंत काळसर लाकडाच्या फळ्या मारलेल्या, कोटटोप्या अडकविण्यास खुंट्या, जड बांके, आणि फळ्यावर खडूनें लिहिलेले त्या दिवसाचे पदार्थ. मंडळी हळू आवाजांत बोलत होतीं. व्हिएन्नाचा जो जगप्रसिद्ध पदार्थ, ‘वीनर श्नित्सेल’, तो बहुतेकांच्या पुढ्यांत होता. वासराच्या मांसाचा काप ठोकून पातळ करितात, पीठ, अंडें व पावाचा चुरा यांत घोळवितात आणि तळतात. वासराच्या मांसाखेरीज दुसऱ्या कोणत्याहि मांसाच्या पदार्थास नुसतें तें नांव देण्यास तेथील कायद्यानें मनाई आहे, इतका त्या लोकांना आपल्या पाककलेचा अभिमान!

आम्हांला अर्थातच त्याचा उपयोग नव्हता. आई यादींतील एकेका ओळीवर बोट ठेवून “यांत काय आहे?” असें मला विचारी, आणि मी वाढप्यास विचारीं. तो मनुष्य मोठा सचोटीचा होता. क्नोडेल म्हणजे शिळ्या पावाचे उकडलेले गोळे. त्यांत अंडें आहे. आंबवलेल्या कोबींत डुकराच्या मांसाचे तुकडे आहेत. बटाट्याची कोशिंबीर तरी निर्दोष असेल, असें मला वाटलें; परंतु व्हिएन्नाच्या रीतीप्रमाणें तिच्यांतहि गोमांसाचा कढ घातलेला होता. हें ऐकतांच आईनें यादी मिटली, पिशवींतून डबा काढला व शांतपणें त्याचें झांकण उघडलें. लसणीचा आणि तळलेल्या पुरीचा वास त्या स्तब्ध दालनांत पसरला. शेजारच्या मेजावरील एका बाईनें मान वळवून पाहिलें.

“आई, ठेव तो डबा! हें काय एस्. टी.चें स्थानक आहे? लोक काय म्हणतील?”

मी हळूच बोललों होतों, परंतु शब्द धारदार होते. आईनें झांकण लावलें, डबा पिशवींत ठेवला, आणि एक अक्षरहि न बोलतां ती खिडकीबाहेर पाहत बसली. भोजनगृहांत स्वतःचें अन्न आणून खाऊं नये, हा नियम तेथेंहि आहे. तेव्हां नियम माझ्या बाजूचा होता, असें कोणी म्हणेल. पण माझ्या तोंडून जे शब्द निघाले, ते नियमाच्या आदरानें निघाले नव्हते. मला त्या वासाची लाज वाटली होती, त्या पितळी डब्याची लाज वाटली होती. आणि खरें सांगावयाचें तर, क्षणभर मला आईचीहि लाज वाटली होती.

वाढप्याला आमची भाषा समजली नाहीं, तरी प्रसंग समजला असावा. त्यानें आपण होऊन लोण्यांत परतलेले, वर अजमोद्याची हिरवी पानें चिरून घातलेले बटाटे आणि काकडीची आंबट कोशिंबीर आणिली. शेवटीं मुदपाकखान्यांत जाऊन त्यानें चौकशी केली, आणि “यांत अंडें नाहीं, बाईसाहेब,” असें सांगून आईपुढें आप्फेलश्ट्रुडेलची बशी ठेविली. मैद्याची कणीक तेलपाण्यांत मळून ती मेजभर पसरलेल्या कापडावर हातांच्या पाठींनीं ताणीत जातात. ती इतकी पातळ व्हावी कीं, तिच्याखालीं ठेविलेलें पत्र वाचतां यावें, असें तेथील सुगरणी म्हणतात. मग तिच्यांत सफरचंदाच्या फोडी, बेदाणे, दालचिनी व लोण्यावर परतलेला पावाचा चुरा घालून गुंडाळी करितात आणि भाजतात. श्ट्रुडेलची १६९६ सालची एक हस्तलिखित कृति व्हिएन्नाच्या ग्रंथालयांत जपून ठेविलेली आहे. हें सर्व मीं आईला मोठ्या उत्साहानें सांगितलें. तिनें एक घांस घेतला, पापुद्रा बोटांनीं उचलून उजेडांत धरला, आणि म्हणाली, “मांडे करणारीचा हात आहे.” एवढें बोलून ती हंसली, पण वाढप्याकडे पाहून, माझ्याकडे पाहून नव्हे.

त्यानंतर व्हिएन्नांत असेपर्यंत तिनें डबा बाहेर नेला नाहीं. आम्ही तेथील कॉफीगृहांत जात असूं. एक पेला कॉफी मागवून तासन्‌तास बसावें, लांकडी दांडीला लावलेलीं वर्तमानपत्रें वाचावीं. कोणी उठवीत नाहीं. कॉफीबरोबर लहान तबकांत पाण्याचा पेला न मागतां येतो. हें पाणी आल्प्स पर्वतांतील झऱ्यांचें. तें नळानें शहरांत आणण्याची योजना १८७३ सालीं पुरी झाली. “आल्यागेल्याला आधीं पाणी देतात, चांगलीं माणसें आहेत,” असा आईनें अभिप्राय दिला. मला वाटलें, ती सर्व विसरली. परंतु एके रात्रीं मला जाग आली, तेव्हां मी झोपलों आहें असें समजून ती अंधारांत खाटेच्या कडेला बसून पुरी खात होती. डब्याच्या झांकणाचा आवाज होऊं नये म्हणून तिनें तें पदरांत धरलें होतें. मी डोळे मिटून पडून राहिलों.

पुढें आगगाडीनें चार तासांत आम्ही म्यूनिकला आलों. ऑस्ट्रियांत काय किंवा जर्मनीच्या या बव्हेरिया प्रांतांत काय, लोक एकमेकांस भेटतांना ‘ग्र्यूस गॉट’ म्हणतात. त्यांत देवाचें नांव आहे, हें कळल्यावर आई प्रत्येकास रामराम करावा तसें हात जोडून ते शब्द म्हणूं लागली.

एके दिवशीं दुपारीं आम्ही तेथील हिर्शगार्टन नांवाच्या उद्यानांत गेलों. १७८० सालीं हें मृगोद्यान म्हणून राखून ठेविलें होतें, आणि अजूनहि तेथें कुंपणाआड हरणें आहेत. चेस्टनटच्या दाट छायेखालीं लांबच लांब मेजें व बांके मांडलेलीं, सुमारें आठ हजार माणसें बसतील इतकीं! तेथें स्वतंत्र मेजाची अपेक्षा कोणी करीत नाहीं. “येथें जागा आहे का?” असें विचारावें आणि परक्यांच्या पंक्तीला बसावें. आम्ही एका वृद्ध जोडप्याशेजारीं बसलों. मीं सफरचंदाचा रस आणि सोड्याचें पाणी यांचें पेय आणिलें, आणि आईसाठीं एक मोठा खारा ब्रेत्सेल.

इतक्यांत त्या वृद्ध बाईंनीं वेताची टोपली मेजावर ठेविली. तिच्यांतून चौकटींचें कापड काढून अंथरलें. मग घरचा पाव, लोणी, पनीर, टोमॅटो, मिठाची लहान डबी आणि एक पांढराशुभ्र लांब मुळा बाहेर आला. आई टक लावून पाहूं लागली. मीं त्या आजोबांस इंग्रजींत विचारलें, “येथें घरचें अन्न आणलेलें चालतें?”

“चालतें म्हणजे काय? तो आमचा हक्कच आहे!” असें म्हणून त्यांनीं सर्व हकीकत सांगितली. बव्हेरियांत १५३९ सालच्या नियमाप्रमाणें बिअर २९ सप्टेंबर ते २३ एप्रिल या थंडीच्या दिवसांतच तयार करीत. उन्हाळ्यांत ती नासे, आणि भट्ट्यांना आग लागण्याचेंहि भय असे. उन्हाळ्यासाठीं ती जमिनीखालच्या तळघरांत बर्फ घालून सांठवीत, व वर गारवा राहावा म्हणून चेस्टनटचीं झाडें लावीत. त्याच झाडांखालीं लोक जमूं लागले, तेव्हां शहरांतील खाणावळवाल्यांनीं तक्रार केली. म्हणून राजा पहिला मॅक्सिमिलियन योसेफ यानें ४ जानेवारी १८१२ रोजीं हुकूम काढला कीं, तळघरवाल्यांनीं तेथें आपली बिअर विकावी, पावहि द्यावा, परंतु दुसरें अन्न वाढूं नये. तेव्हांपासून लोक शिदोरी घरून आणूं लागले. पुढें ती बंदी गेली, पण शिदोरी राहिली. १९९९ सालच्या बव्हेरियाच्या नियमांतहि तिला मान्यता आहे. कापड न घातलेल्या मेजांवर कोणीहि आपला डबा उघडावा. पेय मात्र तेथेंच विकत घ्यावें.

मीं हें आईला मराठींत सांगितलें. सांगतां सांगतां माझा आवाज खालीं गेला. तिनें सर्व ऐकून घेतलें आणि विचारलें, “म्हणजे येथें डबा आणला असता तर चाललें असतें?”

“चाललें असतें, आई.”

डबा खोलीवर होता. मीं एका शब्दानें तो तेथें ठेवावयास लाविला होता.

त्या बाईंना आमचें बोलणें समजलें नाहीं. पण आईपुढें नुसता ब्रेत्सेल पाहून त्यांनीं मुळ्याच्या नागमोडी पातळ चकत्या केल्या, त्यांवर मीठ भुरभुरलें, आणि पाणी सुटल्यावर बशी तिच्यापुढें सरकविली. “अरे, हा तर आपला मुळा!” आई म्हणाली, आणि अनेक दिवसांनीं मीं तिला पोटभर व निःशंक मनानें खातांना पाहिलें.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं मी होऊन भाजणीची पिशवी काढली. खोलीवरच्या लहानशा शेगडीवर आईनें थालीपिठें लाविलीं, आणि तो पितळी डबा मीं स्वतःच्या हातांत घेऊन हिर्शगार्टनला नेला. कालचें जोडपें तेथें नव्हतें. शेजारीं बसलेल्या एका विद्यार्थ्यानें वासानें मान वर केली; आईनें थालीपिठाचा तुकडा मोडून चटणीसह त्याच्यापुढें ठेविला. त्यानें तो खाल्ला आणि आणखी मागितला.

आई हंसत माझ्याकडे वळली. “राजानें हुकूम काढला म्हणून आज माझा डबा उघडला, होय ना रे?”

तिच्या बोलण्यांत राग नव्हता, म्हणूनच तें मला अधिक लागलें. तेथेंच, त्या परक्या माणसांच्या पंक्तींत, मीं तिची क्षमा मागितली. ती म्हणाली, “थालीपीठ निवतें आहे. आधीं खा.”

मुलांनो, परगांवीं गेल्यावर तेथील रीत पाळावी, हें योग्यच आहे. परंतु कधीं आगगाडींत किंवा शाळेच्या सहलींत तुमच्या घरचा डबा उघडला आणि त्याच्या वासानें चार माना वळल्या, तर तो झांकण्याची घाई करूं नका. तो बांधण्यासाठीं पहाटे कोण उठलें होतें, तें आधीं आठवा.