ओट्याची फरशी

पुण्याहून मुळशीस जातां चांदणी चौक लागतो. तेथील जुना पूल २ ऑक्टोबर २०२२ रोजीं सुरुंगांनीं पाडला. तेव्हांपासून तेथून जातांना आमच्या मनांत येई, मोडलेल्या काँक्रीटचें पुढें काय होत असेल? गेल्या वैशाखांत त्याचें उत्तर घरांतच मिळालें.

पौड येथील आमच्या घराचा ओटा खचला होता. तीर्थरूपांनीं बांधविलेला तो काँक्रीटचा ओटा फोडून मजूर ओढ्यांत लोटणार, तोंच डिझाइनचें शिक्षण घेणारा आमचा नातू म्हणाला, "आजोबा, तो मला द्या."

त्यानें तुकडे घणानें बारीक करून चाळले. पहिल्या फरश्या ठिसूळ निघाल्या. जुन्या खडीस चिकटलेला सिमेंटचा थर पाणी शोषून घेतो; म्हणून ती आधीं भिजवावी लागते, हें आम्हांस तेव्हां समजलें. भारतीय मानक ३८३ (२०१६) साध्या काँक्रीटांत अशी खडी शेंकडा २५ पर्यंत वापरूं देतें. दुसऱ्या खेपेच्या फरश्या टणक झाल्या. त्यांवर आज आमचें तुळशीवृंदावन उभें आहे.

त्या सायंकाळीं आम्ही दोघे मुळशीच्या तलावाकांठीं गेलों. पाण्याखालीं जाणाऱ्या गांवांसाठीं सेनापती बापटांनीं चालविलेल्या १९२१-२४ च्या सत्याग्रहाची हकीकत नातवास सांगितली. तीं गांवें परत आलीं नाहींत. तीर्थरूपांचा ओटा मात्र अंगणांत परत आला. घर मोडणाऱ्या वाचकांनीं राडारोडा टाकण्यापूर्वीं एकदां घरांतील मुलांस विचारावें.