पाटीआधीचे शिक्षण

‘डॉक्टर, नातू चार वर्षांचा झाला, तरी अजून ‘अ’ काढत नाही. अंगणवाडीत नुसती गाणी आणि खेळ!’ रक्तदाब तपासून घेताना अनेक आजी-आजोबा हे गाऱ्हाणे माझ्यापाशी मांडतात. त्यामागची माया मला कळते. आईवडील कामावर गेले की नातवंडांचा दिवस त्यांच्याच हाती असतो. मूल मागे पडले तर बोल आपल्याला लागेल, ही धास्तीही असते.

तालुक्याच्या गावी माझ्या दवाखान्याला लागूनच अंगणवाडी आहे. रुग्ण कमी असले की मी तिथे डोकावतो. मुले आल्याबरोबर चपला ओळीने लावतात. मग हात धुणे, नखे पाहणे, गोलात बसून बडबडगीत. त्यानंतर चिंचोके आणि सागरगोटे वेगवेगळे करणे, दोरीत मणी ओवणे. जेवणाआधी एका मुलीने सर्वांसमोर ताटल्या मांडल्या, तर एक उरली. ‘आज कोण आले नाही?’ ताईंनी विचारले. मोजणे, आठवणे, बोलणे आणि सोबत्याची चौकशी, हे सारे त्या एका ताटलीत आले.

शरीरशास्त्रही याच क्रमाला अनुकूल आहे. मनगटातील आठही हाडे जन्मवेळी कूर्चेची असतात आणि पुढे कित्येक वर्षे एकेक करून घट्ट होत जातात. लेखणीवर ताबा येण्यापूर्वी बोटांना चिमटीची आणि मळण्या-ओवण्याची सवय व्हावी लागते. घाईने गिरवायला बसवलेले मूल पेन्सिल आवळून धरते, दमते आणि अक्षरांचाच कंटाळा करू लागते.

ही दृष्टी आपल्याच मातीतली आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 साली बोर्डीला बालशिक्षणाचे काम सुरू केले. आदिवासी मुले बालवाडीपर्यंत येईनात, तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात गेली. पुढे 2 ऑक्टोबर 1975 रोजी देशातील 33 प्रकल्पांत एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि ‘अंगणवाडी’ हा शब्द भारतभर पोहोचला.

येथे आरोग्याची राखणही होते. वजन-उंची घेतली जाते, दंडाला पट्टी लावली जाते. सहा महिने ते पाच वर्षे वयात दंडाचा घेर साडेअकरा सेंटीमीटरपेक्षा कमी भरला, तर ते तीव्र कुपोषणाचे लक्षण असते. मूल हसते-खेळते असले, तरी अशा वेळी दवाखाना गाठण्यास एक दिवसही विलंब लावू नये. म्हणून वजनाच्या दिवशी आजी-आजोबांनी नातवंडाला आवर्जून पाठवावे आणि वाढीचा तक्ता ताईंकडून समजावून घ्यावा.

घरीही हेच शिक्षण चालू ठेवता येते. मटार सोलायला जवळ बसवावे, रुमालाच्या घड्या घालू द्याव्यात, रोज एक गोष्ट सांगावी आणि मध्येच थांबून ‘पुढे काय झाले असेल?’ असे विचारावे. मात्र दाणे-बिया हाताळताना नजर हलू देऊ नये. त्या नाकात जातात, श्वासनलिकेत अडकतात. अख्खे शेंगदाणे व फुटाणे लहानग्यांना खायला देऊ नयेत. आणि आपल्या मधुमेहाच्या, रक्तदाबाच्या गोळ्या उशाशी न ठेवता कुलपात ठेवाव्यात. शिकू लागलेली बोटे प्रत्येक डबी उघडून पाहतात.